होऽऽ हेप!

सासू : हळू बोला हो, शिंपीणबाई! जिन्यात ऐकू जाईल.

शिंपीण : जाऊ दे की, ताई. अख्खी बिल्डिंग जिन्यातच उभी आहे. यंदा ओढायची हाक गवंडीदादा देणार होते, तर त्यांचा घसा पार बसलाय, तोंडातून नुसती हवा निघतेय. रस्सीखेच तासावर आली. आता हाक कोण देणार? तुमची सून!

सासू : एवढी माणसं आहेत बिल्डिंगमध्ये. हिच्यावाचून अडलं का?

शिंपीण : अडलंच म्हणायचं. आमच्याकडे जितकी घरं तितक्या भाषा. मागच्या वर्षी दोर धरला आणि जो तो आपापल्या भाषेत एक-दोन-तीन मोजायला लागला. कुणाचं तीन आधी आलं, कुणाचं मागून. समोरच्या संघाने, त्या बस-डेपोवाल्यांनी, आम्हाला भाजीच्या जुडीसारखं ओढत नेलं.

सून : आई, मला दोर धरायचा नाहीये. नुसती हाक द्यायची. माहेरी जाळं ओढताना माझी आईच द्यायची हाक. त्यात शब्दबिब्द नसतात, त्यामुळे कुणालाही चालते.

सासू : माहेरचं माहेरी. इथे भर मैदानात, सगळ्यांदेखत आपल्या घरची बाई ओरडणार? लोक काय म्हणतील?

सून : लोकच बोलवायला आलेत, आई.

शिंपीण : घ्या! आता बोला!

सासू : शिंपीणबाई, तुम्ही व्हा पुढे. आम्ही बघतो आमचं.

शिंपीण : बघा, पण लवकर बघा. मी खाली आहे.

सासू : गेली एकदाची. दार लाव... आणि तू अशी तोंड पाडून उभी राहू नकोस. मी काय तुझी वैरीण आहे?

सून : नाही हो. पण आज विचारलंत म्हणून सांगते. लग्न झाल्यापासून मी या घरात एकदाही पोटभर हसलेली नाही. हसू आलं की न्हाणीघरात जाते, नळ सोडते आणि हसून येते.

सासू : इश्श! मला वाटायचं, हिला स्वच्छतेची फार आवड आहे.

सून : आणि आपली पोर बघा. बाहुलीशी खेळताना बाहुलीलाही 'हळू' म्हणते. ती बाहुली काय बोलणार आहे, आई? मला भीती वाटते. अजून थोडे दिवस गेले ना, तर मी कोण होते तेच मला आठवायचं नाही.

सासू : भीतीच्या गोष्टी मला नको सांगूस. आम्ही इथे राहायला आलो ना, तेव्हा आमचं बोलणं ऐकून पोरं जिन्यात नक्कल करायची, आत्ताचा तो सुतार सगळ्यांत पुढे. मी भाजी घेऊन वर चढले की मागून माझ्याच आवाजात कुणीतरी बोलायचं. तुझे सासरे म्हणाले, दार लावून बोलायचं, चपला हातात घेऊन उतरायचं. आपण आहोत हेच कुणाला कळलं नाही, तर निघा म्हणायला कोण येणार? असे दिवस काढलेत आम्ही. तू मोठ्याने बोललीस ना, की अजून मी आधी दाराकडे बघते.

सून : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सासू : बोलून दाखवण्यासारखं आहे का ते?

सून : जिन्यात नक्कल करणारा तो तिसऱ्या मजल्यावरचा सुतार ना? आज तो दोराला सगळ्यात पुढे आहे. सकाळी मला बोलवायला तोच आला होता. 'वहिनी, तुमच्याशिवाय होणार नाही,' म्हणाला.

सासू : तो? वहिनी म्हणाला?

सून : दोनदा म्हणाला.

सासू : ...जा मग. पण बेताने ओरड.

सून : बेताने कसं ओरडतात, आई?

सासू : मला काय विचारतेस? मी जन्मात कधी ओरडलेय?

(मैदान. सासू आणि शिंपीण गर्दीत अगदी पुढे उभ्या.)

शिंपीण : गेला! पहिला डाव गेला! आणखी एक गेला की चला घरी.

सासू : अहो, पण ती ओरडली कुठे? मला तर काही ऐकूच आलं नाही.

शिंपीण : मलाही नाही. मांजर बरी म्हणायची! बिचारी हाक द्यायला तोंड उघडत होती आणि तुमच्याकडे बघून मिटत होती.

सासू : माझ्याकडे? मी काय केलं? मी आपली गुपचूप उभी आहे.

शिंपीण : ताई, तुमचं बोट कुठे आहे बघा.

सासू : कुठे म्हणजे? ...अगंबाई! हे ओठांवर कधी गेलं?

शिंपीण : शिट्टी वाजल्यापासून तिथेच आहे.

सासू : शपथेवर सांगते, मला कळलंसुद्धा नाही. हात मेला आपोआपच जातो हो! आणि ती तिकडून हेच बघत होती?

शिंपीण : हेच. आता डेपोवाले काय म्हणतायत ते ऐका. 'ही बिल्डिंग कसली, हा तर बाजार! कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही!'

सासू : बाजार? आम्ही बाजार? माझ्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसले ते कोण, हेच ना? ह्यांना खांदा दिला तो कुणी, ह्या बाजारानेच ना? धरा, माझी पिशवी धरा.

शिंपीण : ताई, कुठे निघालात? दोरीच्या आत जाऊ नका!

सासू : सूनबाई! ए सूनबाईऽऽ! माझ्याकडे काय बघतेस? दोराकडे बघ! ओरड! अगं, तुझ्या आईसारखी ओरड!

शिंपीण : देवा! हा आवाज तुमचा?

सासू : गप्प बसा हो, ऐकू द्या मला!

सून : होऽऽऽ हेप! होऽऽऽ हेप!

शिंपीण : अंगावर काटा आला बाई!

सासू : बघा, सगळ्यांचे पाय एकदम पडतायत. माझा लेक बघा! ते वरचे मास्तर बघा, डोळे मिटून ओढतायत! आणि तो सुतार, मेला, कसा लाल झालाय! ओढ रे सुतारा! ओढ, बाबा!

सून : होऽऽऽ हेप!

शिंपीण : आला, दोर आला! दुसरा डाव आपला!

सासू : थांबू नकोस, पोरी! तिसरा बाकी आहे! पाणी नका देऊ तिला कुणी, लय जाईल!

शिंपीण : ताई, तिला पिऊ द्या दोन घोट!

सासू : बरं, दोनच!

सून : सगळ्यांनी माझ्याकडे बघा! आता मोजायचं नाही, कुणीच मोजायचं नाही! नुसतं ऐकायचं! होऽऽऽ हेप! होऽऽऽ हेप!

शिंपीण : डेपोवाले बसले! खालीच बसले! जिंकलो! ताई, जिंकलो हो! अहो, रडताय काय?

सासू : रडू द्या. मोठ्याने रडतेय, ऐकू येतंय ना? मागून ते गृहस्थ विचारतायत, ही बाई कोण म्हणून. त्यांना सांगा, माझी सून आहे. नको, राहू द्या, मीच सांगते. अहो! ती माझी सून! माझ्या घरची आहे ती!

*

सासू : गुळण्या केल्यास? बघू, आऽऽ कर. टोमॅटोसारखा लाल झालाय घसा.

सून : आवाजच... निघत नाही... आई.

सासू : मग कुजबुजू नकोस, त्याने आणखी बिघडतो. आता जेवायला वाढायचं, तर तुझा नवरा अजून खाली. पोरीला खांद्यावर घेऊन नाचतोय. मार हाक त्याला.

सून : कशी?

सासू : हो की गं. मग आता कोण मारणार?

सून : तुम्ही.

सासू : मी? मैदानातलं वेगळं होतं, तिथे रागाने आवाज निघाला. हे घर आहे. आपल्या घराच्या खिडकीतून ओरडू मी?

सून : आधी... श्वास घ्या. मग पोटातून.

सासू : सरक बरं. तो पडदा कर बाजूला, तोंडात जातोय. ...अरे एऽऽ! जेवायला चला! शिंपीणबाईऽऽ! सुताराऽऽ! सगळेच या वर! आज आमच्याकडे जेवायचं!

सून : आई... सगळी गल्ली वर बघतेय.

सासू : बघू दे. आपण इथेच राहतो.