सुप्रभाचे फ्रॉक

(लंडनच्या पिनर उपनगरातलं स्वयंपाकघर. पंधरा वर्षांची ईशिता टेबलावर इतिहासाची वही पसरून बसली आहे. समोर आजी मेथी निवडते आहे.)

ईशिता : विटा नाही गं आजी. गवताच्या मुळांसकट जमीन कापायचे आणि ते ठोकळे रचायचे. पूर्ण घर मातीचा.

आजी : मातीचं. नॉर्वेहून बोटीनं अमेरिकेला गेले, ते मातीत राहायला? त्यापेक्षा तुझ्या बापाचं कॅनडा बरं. तिथं निदान गॅरेज आहे म्हणे.

ईशिता : मग तू कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म साइन केलास?

आजी : होमवर्क कर.

ईशिता : बाबानेच सांगितलं तुझ्याशी बोलायला. तीन आठवडे झाले. घर विकायला काढलंय, मम्मीने जॉब सोडलाय, आणि तुझी सही नाही म्हणून सगळं थांबलंय.

आजी : वकील धाडलाय होय. स्वतः विचारायला सुश्रुतची जीभ झडली का? बरं, वाच पुढं. काय म्हणते ती बाई?

ईशिता : मार्ता. ती नॉर्वेला आईला लिहिते, हिवाळा कडक आहे, पण चारही मुलं खुशाल आहेत, धाकटी आता हसायला लागली. हा पहिला सोर्स. दुसरा सोर्स म्हणजे चर्चच्या वहीतली नोंद. धाकटी जानेवारीत गेली. आणि पत्र मार्चचा आहे.

आजी : हं.

ईशिता : प्रश्न असा की जास्त यूजफुल कुठला. इझी आहे. मी लिहिलं, पत्र रिलायेबल नाही, ती बाई खोटं बोलते.

आजी : खोड ते.

ईशिता : का? डेट्स तर क्लिअर आहेत.

आजी : खोड म्हणते ना. कुणाला खोटं म्हणतेस? एवढीशी शाळा शिकलीस आणि चालली बाईला खोटी ठरवायला.

ईशिता : आजी, तू चिडतेस का? दीडशे वर्षांपूर्वीची बाई आहे ती.

आजी : मीही लिहिलंय तसलं पत्र. म्हणजे लिहिलं ह्यांनी. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला सहीपुरतं यायचं. तुझे आजोबा लिहायचे आणि मी खाली नाव घालायची.

ईशिता : कसलं पत्र?

आजी : तुझ्या बापाच्या आधी मला मुलगी झाली होती. क्रॉयडनला, मागच्या खोलीत राहायचो तेव्हा. एवढंसं पोर आणि ह्यांनी नाव ठेवलं सुप्रभा. पाच महिन्यांची होती. रॉकेलची शेगडी, भिंतींना ओल, छाती भरली. दोन दिवसांत आटोपलं.

ईशिता : बाबाला माहीत आहे?

आजी : नाही. ह्यांचं म्हणणं, गावाकडं कळवून काय होणार. तुझी आई तिथं ऊर बडवेल, आपल्याला जाता येणार नाही, तिला येता येणार नाही. म्हणून लिहिलं, बाळ बरं आहे. पुढच्या पत्रात लिहिलं, बाळ बसायला लागलं. एकदा सुरुवात केली की थांबायचं कुठं?

ईशिता : आणि तुझी आई?

आजी : तिला वाचता येत नव्हतं, मास्तर वाचून दाखवायचे. ती झबली शिवून पाठवायची. मग फ्रॉक. दर वर्षी एक माप मोठा. फोटो पाठवा म्हणायची, हे लिहायचे पाठवतो. चार वर्षांनी तुझ्या बापाला कडेवर घेऊन गावी गेले. एसटीतून उतरले, तर आई नातवाकडं बघेना. माझ्या मागं बघत राहिली. वाटलं असेल, मुलगी उतरायची राहिली.

ईशिता : (वही सरकवून मेथी निवडायला घेते) आजी...

आजी : देठं तोडू नकोस एवढी मोठी, पानं वाया जातात.

ईशिता : म्हणून तू क्रॉयडनला जातेस? आम्हाला सांगतेस, मैत्रिणीकडे, श्यामला आजीकडे.

आजी : श्यामला वारली त्याला सहा वर्षं झाली. कौन्सिलच्या स्मशानात जाते. दात न आलेलं बाळ आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. तिथला माणूस म्हणाला, दगड लावायचा का? हे म्हणाले, आमच्यात तान्ह्या बाळाला दगड नसतो. तेव्हा पटलं मलाही. आता नुसतं गवत आहे. कडेच्या झाडापासून सात पावलं. हे गेल्यापासून ती सात पावलं मला एकटीलाच ठाऊक. तुझ्या बापाच्या फॉर्मवर सही करून मी कुठं जाऊ?

ईशिता : मग बाबाला मी काय सांगू?

आजी : म्हण, म्हातारीला तिथली थंडी सोसणार नाही.

ईशिता : नाही. मी असं नाही सांगणार.

आजी : आगाऊ आहेस. आईवर गेलीस.

ईशिता : तू सांग त्याला. आणि शनिवारी आम्ही दोघं येतो तुझ्याबरोबर. मला दाखव ते झाड कुठला आहे. आजी? येऊ ना?

आजी : ...बापाला म्हणावं, ते पांढरे बूट घालू नकोस. चिखल असतो तिथं.