म्हात्रेकाकूंच्या नावाचा डबा

चहा घेता घेता ऐका. आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत गेटपाशी फ्रिज ठेवलाय. उरलेलं जेवण त्यात ठेवायचं, हवं त्याने न्यायचं. सेक्रेटरींचा नियम कडक. डब्यावर तारीख आणि करणाऱ्याचं नाव हवंच, कुणाला बाधलं तर कळायला नको?

झालं! माझं नाव वाचून माझ्या वालाच्या बिरड्याला कुणी हात लावेना. वैतागून मी चिठ्ठी बदलली आणि सोसायटीत जिच्या हातच्या चवीचं नाव निघतं तिचं नाव लिहिलं, ‘म्हात्रेकाकू’. दहा मिनिटांत डबा गायब!

संध्याकाळी लिफ्टमध्ये खुद्द म्हात्रेकाकू भेटल्या. चेहरा पडलेला.

“काय झालं काकू?”

“काय सांगू गो! फ्रिजमदी माझ्या नावाचा डबा दिसला. मीच ठेवून विसरली असन म्हणून घरी नेला, सगल्यांना वाढला. आता सून बोलते, आई, उद्यापासून सैपाक मीच करते.”