शून्यावरचा स्पिंडल

आमच्या डिचोलीच्या कारखान्यातल्या सीएनसी मशीनचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, आणि आता इथले कारखाने आपणच चालवायचे म्हणून मी बंगळूरहून शिकून परतलो होतो. त्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरणारा दांडा, थांबवला तरी आपोआप हळूहळू फिरायचा. टूल बसवताना पार्से गावच्या दत्ताराम या कामगाराची बोटं त्यात जाता जाता वाचली.

“जाग्याच्या देवचाराक गाराणें घालूंया,” तो म्हणाला. देवचार म्हणजे जागेचा राखणदार; त्याला सगळ्यांनी मिळून साकडं घालायचं, ते गाऱ्हाणं.

“मशीनला गाऱ्हाणं कळत नाही,” मी म्हणालो. वेग शून्य असतानाही मोटरच्या ड्राइव्हला किंचित व्होल्टेज मिळत होतं. ड्राइव्हवरचा बारीक स्क्रू फिरवून मी ते शून्यावर आणलं. स्पिंडल थांबला.

“घाल आता हात.”

“आदीं तुजो घाल. मागीर माजो.”

वीज चालू ठेवून मी हात घातला. सगळे भोवती जमले. दत्तारामने चपला काढल्या, हात जोडले.

“बा देवचारा, हो भुरगो शिकून आयला, पूण हट्टी आसा. ताचो हात सांबाळ.”

“व्हय म्हाराजा,” गाऱ्हाण्याच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी साथ दिली.

स्पिंडल तसूभरही हलला नाही. पण त्या घोळक्यात ‘व्हय म्हाराजा’ सर्वांत मोठ्याने मीच म्हणालो होतो.