पिकअपचा हौदा

अरे, आमचं व्हॅनचंच पक्कं झालं होतं. खराडीच्या आयटी कंपन्यांना आम्ही झाडांच्या कुंड्या पुरवायचो. उघड्या गाडीत वाऱ्याने पानं फाटतात, म्हणून मला बंद डिझेल व्हॅनच हवी होती. बायकोने एकदा नजर टाकावी, एवढ्यासाठी तिला हडपसरच्या शोरूमला नेलं.

ती व्हॅनमध्ये मागे चढली आणि लगेच उतरली. "झाडांना अंधारात कोंडायचं का?" एवढंच म्हणाली आणि बाहेर उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यात जाऊन चक्क आडवी झाली!

तिला उठवायला मी वर चढलो.

"अहो, पडा जरा. ढग बघा किती हळू चाललेत."

मीही पडलो. पत्रा उन्हाने कोमट झाला होता. सोलापूर रस्त्यावरचे हॉर्न दुसऱ्याच कुठल्यातरी गावातले वाटायला लागले.

तेवढ्यात सेल्समन कडेवरून डोकावला. "आपल्याला गाडी घ्यायचीये का गच्ची?"

"गच्चीला सोसायटीने कुलूप लावलंय," ही आभाळाकडे बघतच म्हणाली.

मी पडल्यापडल्याच त्याला विचारलं, "पिकअपवर ताडपत्री बसवून मिळते का हो?"

"झाडं असली की घालायची," ही म्हणाली, "आपण असलो की काढायची."