उजव्या हाताचा हातमोजा

नाही, वडील घरी नाहीत, बर्फावर गेलेत — आणि हे मी तुम्हाला सांगायचंच नाहीये, साहेब, आईनं बजावलंय, 'ते नवी बंदूक देतील, जुनी नेतील, तू गप्प राहा' — मी एरवी गप्पच असते, शाळेत कुणालाही विचारा. पण ती पेटी आत नका नेऊ, इथं थंड पडवीतच राहू दे. आतल्या उबेनं लोखंडाला घाम सुटतो, मग बाहेर नेली की तोच गोठतो — तुम्हाला ठाऊकच असेल. या बंदुकीचा दस्ता लाल का? बर्फात पडली तर दिसावी म्हणून? आणि ट्रिगरभोवतीची ही कडी, केवढी रुंद! जाड हातमोज्यासकट बोट जातं? खरंच?

मग आधीच का नाही केली अशी? — नाही, तुमच्यावर नाही रागावले. आजोबा, आईचे वडील, कौनाक, तेही वडिलांसारखेच रेंजर होते, बर्फावर पहारा करणारे. त्यांची बंदूक ती जुनी, महायुद्धाच्या काळातली. थंडीत कधी अडली नाही, पण कडी अरुंद, उजवा हातमोजा काढल्याशिवाय बोटच जायचं नाही. ते दातांनी काढायचे. त्या दिवशी अस्वल आलं, त्यांनी हातमोजा काढला, वाऱ्यानं तो नेला — वडिलांनी नंतर खुणांवरून सगळं वाचलं. अस्वल पळालं. पण हाताचं लाकूड झालं, स्नोमोबाईलची, बर्फावरच्या गाडीची, किल्ली फिरेना. सापडले तेव्हा हात कोटात, पोटाशी धरून बसले होते — झोपल्यासारखे.

आणि तुमच्या मागं उभा आहे तो माझा धाकटा भाऊ. आजोबांनंतर घरात जन्मलेला पहिलाच, म्हणून नाव त्यांचंच, कौनाक. आमच्यात नावाबरोबर माणूसही येतो. आई त्याला 'बाबा' म्हणते, मी 'आजोबा'. रोज सकाळी 'आजोबा, चड्डी घाला' म्हणत मागं धावते — हसा ना, आम्हीही हसतो. चहा आधी त्यांना. पण घराबाहेर पाऊल टाकलं की वाऱ्याकडे तोंड करतात आणि हातमोजा काढतात. उजवाच. दातांनी. कुणी शिकवलं? कुणीच नाही. आणि दटावणार कोण? आई काय आपल्याच वडिलांवर ओरडेल? ती नुसती म्हणते, 'बाबा, गार लागेल हो,' आणि रडते. ती दोन बोटं बघा, टोकं काळी पडलीत. पुन्हा गोठली तर कापावी लागतील, नर्स म्हणाली. आई म्हणते, साहेबांना कळलं तर आपल्याला वेडं समजतील. समजा खुशाल. पण साहेब, एक करा, बोल्ट काढून, म्हणजे गोळी सुटायची नाही, ती बंदूक जरा खाली धरा. आजोबांना कुणी सांगितलंच नाहीये की आता हातमोजा काढावा लागत नाही —

आले गं आई! — पटकन, साहेब. या, आजोबा. हातमोज्यासकटच. घाला बोट. बघा, गेलं! बघा ना, मान हलवतायत. आता काढायचा नाही हं, आता कधीच — आले म्हटलं ना, आई, तुझ्या बाबांना घेऊनच येते! — पण आजोबा, अहो, पुन्हा दातांनी कशाला काढताय, आता तर —