मोर्च्याच्या काठ्यांचा पाळणा

न्हाव्याच्या खुर्चीत चर्चचे पाळक तोंडावर गरम टॉवेल घेऊन असे पसरले होते, की सख्ख्या बायकोनंही ओळखलं नसतं. मागच्या बाकावर सुतार आणि त्याचा मेहुणा नंबर लागेपर्यंत गप्पा छाटत होते.

"दाजी, पोटातल्या जिवांसाठी पाळकांनी गर्भपाताविरुद्ध मोर्चा काढला, त्याच्या फलकांच्या काठ्या तुमच्याच ना?"

"माझ्याच. पोटातलं लेकरू देवाच्या हातचं काम, हे मलाही पटतं. प्रभू स्वतः आईच्या पोटात वाढला की!"

"मग मोर्चा संपताच काठ्या परत का आणल्यात?"

"चर्चमध्ये गाणारी ती बिनलग्नाची पोर. पाळकांचं प्रवचन ऐकून तिनं पोटातलं मूल पाडलं नाही, तर तिच्या बापानं तिला घराबाहेर काढलं. पाळकांकडे गेली, तर म्हणाले, 'चर्चची अब्रू जाईल. मोर्च्यात दिसू नकोस.'"

"अरे देवा! आता कुठंय?"

"आमच्याकडे. तुझ्या ताईनं पोटाशी धरलंय तिला. प्रभूला निदान गोठा तरी मिळाला होता! त्या काठ्यांचा पाळणा करतोय."

"आणि बाळाला बाप्तिस्मा कोण देणार?"

"पाळकच. पोर अजून त्यांनाच मानते."

न्हावी खुर्चीवर वाकला. "साहेब, टॉवेल गार झाला. काढू?"

टॉवेलाखालून बारीक आवाज आला, "राहू दे. आधी त्यांचं उरक."