आमचा बिस्किट जेवला!

...अन् वरून पोरगी मलेच बोलते! म्हणे, "पप्पा, तुम्ही लिफ्टमध्ये त्याच्या शिंगापुढे काहून उभे राहिले? तो मारते!" आता तुम्हीच सांगा भाऊ, मारते? हातभर उंचीचा बैल, पायाखाली चार चाकं, नाकात लाल दोरी, अन् तो मारते म्हणे! बरं, मी हसून सोडून देलं असतं तं गोष्ट वेगळी... पण मी सरकलो! तीन माळे मी लिफ्टच्या कोपऱ्यात पाठ चिपकवून उभा, अन् बैल मधात, ऐटीत! लाकडाचा आहे हो तो! लाकडाचा!

तुम्हाले सांगतो, चूक माहीच. तान्हा पोळा जवळ आला, आमच्या नागपुरात पोरंसोरं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात, तं म्या म्हटलं आपल्या भूमिकालेही घेऊ एक. पाच वर्षांची पोरगी, खुश होईन. झाली नं खुश! बैलाचं नाव ठेवलं बिस्किट! माहे बाबा, शालिकराम त्यांचं नाव, तिकडे कुहीजवळ अर्धा जन्म बैलांमागे चालले, त्यायले फोनवर सांगितलं. तं म्हणते, "काहून गा उन्मेष, घेताना दात पाहिले का?" दात! म्या म्हटलं, बाबा, लाकडाचा आहे हो तो! तं म्हणते, "मंग खूर तं पाह्याचे!" चाकं आहे त्याले! चाकं!

अन् बैल घरात आला म्हणजे नुसता आला का? सोफ्याच्या पायाले बांधला. त्याले प्याले पाण्याचा गंज भरून ठेवला. टीव्ही हळू, कारण तो रवंथ करून राहिला! एका रविवारी मी पेपर वाचून राहिलो तं भूमिका नाक दाबून उभी. "पप्पा, बिस्किटनं शेण टाकलं." कुठे? तं हे इथे, टाइलीवर. काहीच नाही हो तिथे, चकाचक फरशी! पण मी उठलो, सुपली आणली, ते नसलेलं शेण भरलं, "बाजूनं राह्यलं, बाजूनं" असं ती दाखवून राहिली तं तेही भरलं, बाल्कनीतल्या कुंडीत नेऊन टाकलं... अन् हात धुतले! साबणानं! दोनदा!

हे चाललंच असतं, पण पोळ्याले बाबा आमच्याकडे आले. मनीषनगरात, फ्लॅटवर, पहिल्यांदा. नाही तं पोळ्याले गाव सोडणारा माणूस नाही तो. पण यंदा गोठ्यात जोडीच नव्हती. ट्रॅक्टर आला, गुडघे गेले, उन्हाळ्यात जोडी देऊन टाकली. तं तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबानं वाटीत हळद अन् तूप घेतलं, खाली बसले, अन् बिस्किटच्या खांद्याले लावून राहिले. जसं खऱ्या बैलाले पोळ्याच्या आदल्या दिवशी लावतात नं, तसंच. अन् हात जोडून म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खोटं काहून बोलू, मले गलबलून आलं. लाकडाचा आहे हे मीही विसरलो, पुरा विसरलो, अन् त्याच झटक्यात भूमिका विचारते, "पप्पा, तो खरंच जेवन?" अन् मी... मी म्हणतो, "हाव बेटा! पुरं ताट साफ करते पाह्य!"

संपलं! तिथेच संपलं!

आता दुसऱ्या दिवशीची गंमत ऐका. त्या दिवशी सकाळी नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. लोकं ओरडतात, खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. सारं घेऊन गेली हो ती, माही शुगर तेवढी ठेवून गेली! कारण दोन महिन्यांआधी मले शुगर निघाली, अन् मिनलनं, म्हणजे माह्या बायकोनं, गुळाचा डबासुद्धा माह्या नजरेआड केला. घरभर पुरणाचा वास, अन् मले वरणपोळी! तं मिनलनं बैलासमोर ताट वाढलं. तूप सोडलेली पुरणपोळी, कढी, वडे. भूमिका समोर मांडी घालून. आम्ही सारे उभे. पाच मिनिटं झाले, दहा झाले. बैल काही जेवेना!

"मम्मी, आपण नाही जेवायचं. पाहुणा जेवल्याशिवाय कोणी जेवते का?" बाबा म्हणते, "बरोबर आहे पोरीचं. बैलाच्या आधी घरच्यानं घास नाही घ्यायचा." घ्या! अन् पोरीचा ओठ बाहेर आला. "आबाजींनी आवतन देलं, तरी तो काहून नाही जेवत? रुसला का? आपल्या घरी त्याले आवडत नाही का?" डोळ्यांत पाणी, आता पडते का मंग पडते... अन् मले नाही पाहवत हो! म्या म्हटलं, "बेटा, तो लाजते. तुम्ही सारे बाल्कनीत जा, पाठ करून उभे राहा. मी दोरी धरून बसतो."

गेले सारे. अन् मी अन् बिस्किट समोरासमोर. दोन महिने झाले होते भाऊ पुरणपोळी पाहून... पोरीसाठी खाल्ली! देवाशपथ, पोरीसाठी! तूप लागलं बोटाले, तेही पोरीसाठीच चाटलं!

"जेवला! आमचा बिस्किट जेवला!" सारी बिल्डिंग दणाणली. अन् मले वाटलं चला, सुटलो. कायचे सुटलो? दहा मिनिटांनी दार वाजते, तं खालच्या माळ्यावरचा गोलू, त्याच्यामागे चार पोट्टे, हरेकाच्या हातात ताट! "काका, तुमचा बैल खरंच जेवते नं?" भूमिका कमरेवर हात ठेवून, "हाव! पण तो लाजते. लाइन लावा अन् बाल्कनीत चला." पाच ताटं भाऊ, पाच! कोणाकडे खोबरं घातलेली, कोणाकडे जायफळाची... तिसरीपर्यंत मीही मजेत होतो, खरं सांगतो. पाचवीले मी बिस्किटच्या पाया पडलो. म्हटलं, बापा, एक घास तं तू खाय! लाकडाचा आहे हो तो, कुठून खाईन!

अन् मिनल? नुसतं माह्या मिशीकडे पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन हजर. टोचलं बोट. दोनशे सत्तर! "काय खाल्लं?" आता काय सांगू? भूमिका बाजूले उभी. खरं बोललो तं पोरीचा बैल लाकडाचा होते, खोटं बोललो तं मी चोर! तं पोरगीच माह्याकडून बोलते, "पप्पानं काहीच नाही खाल्लं मम्मी! सारं बिस्किटनं खाल्लं, सहा खाल्ल्या! त्याचीही तपासा नं!"

अन् मिनलनं तपासली हो! बिस्किटच्या कानाले सुई लावली, मशीनमध्ये पाह्यलं, अन् कपाळाले हात मारते, "अगं बाई! याची तं तीनशे!" भूमिका रडकुंडीले. "मरन का तो?" "नाही वं माय, पथ्य करा लागन फक्त. रोज सकाळी गिलासभर कारल्याचा रस." हे बोलताना कोणाकडे पाहून राहिली होती ती? बैलाकडे? छे!

तं आता रोज सकाळी हेच. बैलासमोर हिरवागार गिलास. "चला, तो लाजते," म्हणत मायलेकी बाल्कनीत. अन् तिकून आवाज, "पप्पा, रस पेला का त्यानं?" म्या एक दिवस अर्धा ठेवला, तं पोरीनं लगेच आबाजीले फोन लावला. अन् बाबा काय म्हणते? "उन्मेष, नखरे करते का तो? येतो मी रविवारी. बैलाले औषध पाजायची बांबूची नळी आहे माह्याकडे, जबडा धरला की बरोबर घशात उतरते."

तवापासून गुपचूप पेऊन राहिलो. लाकडाचा तो आहे हो... मी नाही!